प्रसारणातील प्रायोजक

प्रायोजक म्हणजे नभोवाणी किंवा दूरचित्रवाणीवरील एखाद्या कार्यक्रमाचा खर्च उचलणारी आणि त्याच्या मोबदल्यात त्या कार्यक्रमाशी आपले नाव जोडून घेणारी व्यक्ती, कंपनी अथवा संस्था. आज हा शब्द उच्चारला की कार्यक्रमाच्या आरंभी झळकणारे नाव आणि मधूनमधून येणाऱ्या जाहिराती डोळ्यांसमोर येतात. प्रसारणाच्या पहिल्या तीन-चार दशकांत, विशेषतः अमेरिकेत, प्रायोजकाचे स्थान याहून फार मोठे होते. कार्यक्रमाची कल्पना, संहिता, कलावंतांची निवड, निवेदकाच्या तोंडची वाक्ये आणि कोणता विषय वर्ज्य मानावयाचा हा निर्णय, हे सारे त्याच्या किंवा त्याने नेमलेल्या जाहिरात संस्थेच्या हाती असे. प्रसारण केंद्र वेळ विकत असे. त्या वेळेत श्रोत्यांना काय ऐकवायचे ते वेळ विकत घेणारा ठरवीत असे. कार्यक्रमाचा खर्च देणे आणि कार्यक्रमाचा मालक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य व्हायला सुमारे चाळीस वर्षे लागली. या लेखात मुख्यतः अमेरिकेतील त्या कालखंडाचा आणि त्यानंतर ब्रिटन व भारत यांनी स्वीकारलेल्या निराळ्या वाटांचा परामर्श घेतला आहे.

संज्ञा

'स्पॉन्सर' हा इंग्रजी शब्द 'वचन देणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला असून, ख्रिस्ती धर्मात बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाची हमी घेणाऱ्या धर्मपित्यासाठी तो वापरला जाई. मराठीत 'प्रायोजक' हा शब्द दूरचित्रवाणीच्या काळात रूढ झाला. 'पुरस्कृत' आणि 'यांच्या सौजन्याने' असे पर्यायही आढळतात. जुन्या 'आश्रयदाता' या शब्दाशी मात्र त्याची गल्लत करू नये. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला, त्यामागे काही विकण्याचा हेतू नव्हता. प्रायोजकाला काही तरी विकायचे असते आणि त्यासाठी त्याला गर्दी हवी असते. कलेच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. आश्रयदात्याची एकट्याची आवड सांभाळली की गवयाचे भागत असे. प्रायोजकाच्या कलावंताला मात्र प्रायोजकाला भासणारी लाखो श्रोत्यांची आवड सांभाळावी लागे.

खर्चाचा मूळ प्रश्न

वृत्तपत्राची प्रत विकता येते, नाटकाचे तिकीट लावता येते. नभोवाणीच्या लहरींना दार नाही आणि म्हणून तिकिटाची खिडकीही नाही. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले, तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नव्हता, कारण केंद्राची मालक वेस्टिंगहाउस कंपनी स्वतःच रेडिओ संच बनवीत होती. कार्यक्रम असले तर संच खपतील, एवढाच हिशेब होता. परंतु संच एकदाच विकला जातो आणि कार्यक्रम रोज द्यावा लागतो. कलावंतही फार काळ केवळ हौसेने गाईनात. हा खर्च सरकारने करावा, श्रोत्यांकडून शुल्क घ्यावे, दानशूरांनी निधी उभारावा, संचांवर कर बसवावा, असे नाना उपाय १९२० च्या दशकात सुचवले गेले. ब्रिटनने परवाना शुल्काचा मार्ग धरला. अमेरिकेत वेगळेच घडले, आणि तेही एका दूरध्वनी कंपनीच्या धंद्याच्या सवयीतून.

वेफ केंद्र आणि भाड्याची वेळ

अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ या कंपनीने १९२२ मध्ये न्यूयॉर्क येथे वेफ हे केंद्र सुरू केले. दूरध्वनीवर बोलणारा जसा बोलण्याच्या वेळेचे पैसे देतो, तसे ज्याला जनतेशी बोलायचे असेल त्याने केंद्राला वेळेचे भाडे द्यावे, अशी ही योजना होती. कार्यक्रम तयार करण्याची जबाबदारी कंपनीने सुरुवातीला स्वतःकडे घेतलीच नव्हती. २८ ऑगस्ट १९२२ रोजी क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या गृहबांधणी संस्थेने या केंद्रावरून जॅक्सन हाइट्स भागातील आपल्या सदनिकांविषयी एक भाषण करविले. दहा मिनिटांच्या वेळेला ५० डॉलर असा दर होता. त्या भाषणात कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न याचे गुणगान करीत, त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतींकडे श्रोत्याला हळूहळू वळवले होते. मोबदला देऊन केलेले हे पहिले व्यापारी प्रसारण, असे सामान्यतः मानले जाते.

ही कल्पना सर्वांना रुचली नाही. तत्कालीन वाणिज्यमंत्री आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर यांनी १९२२ च्या पहिल्या रेडिओ परिषदेतच, सेवेचे एवढे मोठे साधन जाहिरातींच्या बडबडीत बुडू देणे अकल्पनीय आहे, या आशयाचे मत मांडले. ते मत एकट्या हूवर यांचे नव्हते. घराच्या बैठकीत न विचारता शिरून माल विकणे असभ्यपणाचे आहे, असे खुद्द अनेक व्यापाऱ्यांनाही वाटत होते. या संकोचातूनच प्रायोजित कार्यक्रमाचा जन्म झाला. मालाची स्तुती करायची नाही, किंमत सांगायची नाही, फक्त चांगला कार्यक्रम द्यायचा आणि तो कोणी दिला एवढेच सांगायचे. श्रोता कृतज्ञ होईल आणि ती कृतज्ञता दुकानात कामी येईल, असा हा तर्क होता.

एव्हरेडी विजेऱ्या बनवणाऱ्या नॅशनल कार्बन कंपनीने डिसेंबर १९२३ पासून वेफवर 'एव्हरेडी अवर' सुरू केला. त्या काळचे बहुतेक संच विजेऱ्यांवर चालत, हे लक्षात घेतले म्हणजे या औदार्यातील व्यवहार ध्यानात येतो.

मालाची नावे घेतलेले कलावंत

थेट जाहिरात करायची नाही, मग नाव तरी किती वेळा घेता येईल? यावर उपाय म्हणून कलावंतांनाच मालाची नावे देण्यात आली. बिली जोन्स आणि अर्नी हेअर हे गायक 'हॅपिनेस बॉइज' झाले, कारण प्रायोजक हॅपिनेस नावाची मिठाईची दुकाने होती. इपाना दंतमंजनाच्या वाद्यवृंदाचे नाव 'इपाना ट्रुबॅडूर्स', क्लिको क्लब या शीतपेयाच्या वादकांचे 'क्लिको क्लब एस्किमोज', तर ए अँड पी या किराणा दुकानांच्या साखळीचे वादक 'ए अँड पी जिप्सीज' झाले. गुडरिच टायर कंपनीच्या 'सिल्व्हरटाउन' वाद्यवृंदातील गायक तर रुपेरी मुखवटा धारण केलेला गायक म्हणूनच ओळखला जाई. नभोवाणीवर मुखवटा कोणाला दिसणार होता, असा प्रश्न आज पडतो. पण मुखवट्यामागे कलावंताचे स्वतःचे नाव झाकले जाते आणि टायरचे नाव उरते, हा त्यातला मुद्दा होता. कलावंताची कीर्ती त्याची स्वतःची न राहता प्रायोजकाच्या मालकीची होण्याचे हे पहिले स्पष्ट उदाहरण म्हणता येईल.

१९२६ मध्ये रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाने वेफ केंद्र दहा लाख डॉलरना घेतले आणि त्याच वर्षी नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनी (एनबीसी) हे प्रसारणजाळे सुरू झाले. पुढच्या वर्षी कोलंबिया (सीबीएस) हे दुसरे जाळे आले. त्याचे प्रमुख झालेले विल्यम पेली हे सिगार बनवणाऱ्या घराण्यातील होते आणि नभोवाणीवरील जाहिरातीने सिगारचा खप वाढतो हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. जाळ्यांमुळे एकच कार्यक्रम देशभर एकाच वेळी ऐकू जाऊ लागला. राष्ट्रव्यापी खप असलेल्या साबण, सिगारेट, दंतमंजन, कॉफी यांच्या उत्पादकांना हवे होते ते हेच. संकोचाचा काळ संपला. मंदीच्या वर्षांत किमतीही उघडपणे सांगितल्या जाऊ लागल्या.

१९२७ च्या रेडिओ कायद्यातील एक तरतूद येथे नोंदवली पाहिजे. ज्या प्रसारणासाठी मोबदला घेतला असेल, ते कोणी पैसे देऊन करविले आहे हे त्याच वेळी जाहीर करणे या कायद्याने बंधनकारक केले. १९३४ च्या दळणवळण कायद्यात ती तरतूद कायम राहिली. 'हा कार्यक्रम आपणांस अमुक यांच्यातर्फे' हे वाक्य प्रायोजकाच्या हौसेचे वाटते, पण श्रोत्याच्या बाजूने पाहता तो त्याचा कायदेशीर हक्क होता.

जाहिरात संस्था आणि साबणाच्या मालिका

१९३० च्या दशकात कार्यक्रमनिर्मितीचे केंद्र प्रसारणजाळ्यांकडून जाहिरात संस्थांकडे सरकले. जे. वॉल्टर थॉम्प्सन, यंग अँड रुबिकॅम, ब्लॅकेट-सँपल-हमर्ट अशा संस्था लेखक, दिग्दर्शक, नट पदरी ठेवीत. कामाची पद्धत साधारणपणे अशी असे : संस्था आपल्या ग्राहक कंपनीसाठी जाळ्याकडून दर आठवड्याची ठरावीक वेळ घेई, कार्यक्रम स्वतः बसवी, जाळ्याचा ध्वनिमुद्रणकक्ष आणि तंत्रज्ञ वापरी, आणि वेळेच्या खर्चावर आपले दलाली शुल्क मिळवी. जाळ्याला वेळेचे भाडे मिळे. ज्या वेळेला गिऱ्हाईक नसे, तेवढीच जाळ्याने स्वतःच्या कार्यक्रमांनी भरायची. अशा प्रायोजकाविना चालणाऱ्या कार्यक्रमांत उत्तम नाटके, व्याख्याने व संगीत असे. मात्र गिऱ्हाईक मिळताच त्यांना जागा सोडावी लागे.

ऑर्सन वेल्स यांच्या 'मर्क्युरी थिएटर' या नाट्यमालेची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी मंगळावरील प्राण्यांच्या आक्रमणाचे नाटक बातम्यांच्या धाटणीने सादर करून तिने खळबळ उडवली, तेव्हा तिला प्रायोजक नव्हता. खळबळीनंतर लगेचच, डिसेंबरमध्ये, कॅम्पबेल सूप कंपनीने ती पुरस्कृत केली आणि मालेचे नाव 'कॅम्पबेल प्लेहाउस' झाले.

दुपारच्या वेळी गृहिणींसाठी पंधरा-पंधरा मिनिटांच्या कौटुंबिक मालिका सुरू झाल्या. अर्ना फिलिप्स यांची 'पेंटेड ड्रीम्स' ही मालिका १९३० मध्ये शिकागोत सुरू झाली. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या ऑक्सिडॉल साबणासाठी १९३३ मध्ये आलेली 'मा पर्किन्स' १९६० पर्यंत चालली आणि व्हर्जिनिया पेन यांनी सारा काळ तीच भूमिका केली. फ्रँक आणि ॲन हमर्ट या दांपत्याने तर अशा मालिका एखाद्या कारखान्यातून निघाव्यात तशा काढल्या : कथेचा आराखडा ते देत आणि पगारी लेखक संवाद भरीत. प्रायोजक बहुधा साबणाचे कारखानदार असल्यामुळे या प्रकाराला 'सोप ऑपेरा' हे थट्टेचे नाव पडले. मराठीत 'साबणनाट्य' असा शब्द काही रुजला नाही; आपण सरसकट 'मालिका' म्हणतो आणि त्यामुळे नावातील साबण धुऊन निघाला आहे.

श्रोते खरोखर ऐकतात की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती प्रायोजकांना सापडली होती. साबणाच्या खोक्याचे झाकण आणि दहा सेंटचे नाणे टपालाने पाठवल्यास एखादी छोटी भेटवस्तू मिळेल, असे कार्यक्रमात सांगत. आलेल्या झाकणांच्या संख्येवरून खपाचा आणि श्रोत्यांचा एकदमच अंदाज येई.

प्रायोजक सर्वच प्रसंगी रुक्ष असत असे नाही. विनोदी नट जॅक बेनी आपल्या प्रायोजकाच्या मालाची कार्यक्रमातच थट्टा करीत आणि जेल-ओ या गोड पदार्थाचे नाव तर त्यांनी आपल्या पहिल्या अभिवादनातच गुंफले होते. टेक्साको तेल कंपनीने डिसेंबर १९४० पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे शनिवारचे प्रयोग पुरस्कृत केले. ते पाठबळ २००४ पर्यंत, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ अखंड टिकले आणि ऑपेरागृह कधीही न पाहिलेल्या लक्षावधी लोकांना हे संगीत घरी ऐकता आले.

राखीव वाट्याची मागणी

अमेरिकेतील व्यवस्था आपोआप किंवा सर्वसंमतीने आली असा समज चुकीचा आहे. विद्यापीठे, धार्मिक संस्था आणि कामगार संघटना यांची स्वतःची केंद्रे १९२० च्या दशकात होती. लहरींच्या फेरवाटपात त्यांतील अनेकांना गैरसोयीच्या वेळा व दुय्यम तरंगलांबी मिळाल्या आणि ती बंद पडली. १९३४ चा कायदा होत असताना सिनेटर वॅग्नर आणि हॅटफील्ड यांनी एक दुरुस्ती मांडली : एकूण प्रसारणसुविधांपैकी २५ टक्के सुविधा नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांकरिता राखून ठेवाव्यात. सिनेटने ती फेटाळली. व्यापारी केंद्रे आपण होऊन शैक्षणिक कार्यक्रम देतीलच, हा युक्तिवाद त्या वेळी प्रभावी ठरला. हे मतदान झाले नसते किंवा उलट झाले असते, तर पुढील तीस वर्षांचा अमेरिकी प्रसारणाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

सार्वजनिक जीवनावरील परिणाम

वेळ विकत मिळते म्हटल्यावर ती कोणाला विकायची आणि कोणाला नाही, हा प्रश्न राजकीय होतो. डेट्रॉइटजवळील कॅथलिक धर्मगुरू चार्ल्स कॉफलिन यांची भाषणे सीबीएसने १९३१ मध्ये बंद केल्यावर त्यांनी श्रोत्यांच्या देणग्यांतून स्वतंत्र केंद्रांची वेळ घेतली आणि स्वतःचे जाळे उभारले. पुढे ही भाषणे उघडपणे ज्यूद्वेष्टी झाली. १९३९ मध्ये प्रसारकांच्या संघटनेने वादग्रस्त प्रश्नांसाठी वेळ विकू नये असा संकेत केला आणि कॉफलिन यांचा आवाज थांबला. पण त्याच संकेतामुळे कामगार संघटनांनाही आपली बाजू मांडण्यासाठी वेळ विकत घेणे अवघड झाले. साबणाची स्तुती वादग्रस्त ठरत नसे, मजुरीचा प्रश्न ठरे. याउलट अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची १२ मार्च १९३३ पासूनची घरगुती संवादवजा भाषणे प्रायोजकाविना, सर्व जाळ्यांनी विनामूल्य प्रसारित केली.

प्रायोजकाचा खरा प्रभाव आज्ञेपेक्षा भीतीतून जाणवे. कोणत्याही गिऱ्हाइकाला दुखवायचे नाही, हे त्याचे साधे धोरण असे. जून १९५० मध्ये 'रेड चॅनेल्स' नावाची पुस्तिका निघाली. तीत प्रसारणक्षेत्रातील १५१ जणांवर साम्यवादाशी संबंध असल्याचा संशय सूचित केला होता. त्याच वर्षी अभिनेत्री जीन म्यूर यांना 'द ऑल्ड्रिच फॅमिली' या मालिकेतून काढण्यात आले. मोजक्या तक्रारी येताच जनरल फूड्स या प्रायोजक कंपनीने, त्या वादग्रस्त व्यक्ती ठरल्या आहेत एवढेच कारण दिले. आरोप खरा की खोटा हे तपासण्याची गरज कोणाला वाटली नाही. गायक नॅट किंग कोल यांचा कार्यक्रम एनबीसीवर नोव्हेंबर १९५६ ते डिसेंबर १९५७ चालला. तो लोकप्रिय होता, मोठमोठे कलावंत त्यात नाममात्र मानधनावर आले, तरी त्याला राष्ट्रीय पातळीवरचा प्रायोजक मिळाला नाही. कृष्णवर्णीय गायकाशी नाव जोडल्यास दक्षिणेतील गोरे ग्राहक रुष्ट होतील, अशी कंपन्यांना धास्ती होती. शेवटी कोल यांनीच तो बंद केला.

हास्यास्पद वाटावीत अशीही उदाहरणे आहेत. कॅमल सिगारेट कंपनीच्या दूरचित्रवाणी बातमीपत्रात सिगार ओढणारी माणसे दाखवायची नाहीत असा दंडक होता आणि त्याला विन्स्टन चर्चिल यांचा तेवढा अपवाद होता. १६ एप्रिल १९५९ रोजी सीबीएसच्या 'प्लेहाउस ९०' मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यावरील नाटक थेट प्रसारित होत असताना, नाझींच्या मृत्युकोठड्यांच्या संदर्भातला 'गॅस' हा शब्द पुसून टाकला गेला. इंधनवायू पुरवणाऱ्या व्यावसायिकांची संघटना प्रायोजक होती. लाखो माणसांच्या हत्येचे साधन उच्चारता न येणे ही गोष्ट हास्यास्पदतेच्या पलीकडची आहे.

दुसरी बाजूही आहे. पत्रकार एडवर्ड मरो यांच्या 'सी इट नाउ' कार्यक्रमाची प्रायोजक अल्कोआ ही ॲल्युमिनियम कंपनी होती. ९ मार्च १९५४ रोजी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावर टीका करणारा भाग प्रसारित झाला, तेव्हा प्रायोजकाने आशयात हस्तक्षेप केला नाही. कच खाल्ली ती प्रसारणजाळ्यानेच. या भागाची वृत्तपत्रातील जाहिरात मरो आणि त्यांचे सहकारी फ्रेड फ्रेंडली यांनी पदरच्या पैशाने दिली आणि तीत सीबीएसचे बोधचिन्ह नव्हते. अल्कोआने १९५५ मध्ये हे प्रायोजकत्व सोडले.

प्रश्नमंजूषा प्रकरण आणि एकल प्रायोजकत्वाचा अस्त

जून १९५५ मध्ये रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीने '६४,००० डॉलरचा प्रश्न' हा कार्यक्रम सुरू केला आणि त्याच्या यशाने अशा कार्यक्रमांची लाट आली. एनबीसीवरील 'ट्वेंटी-वन'चे प्रायोजकत्व जेरिटॉल या शक्तिवर्धक औषधाकडे होते. सुरुवातीच्या प्रामाणिक भागात स्पर्धकांना उत्तरेच येईनात, कार्यक्रम नीरस झाला आणि प्रायोजकाने नाराजी कळवली. तेव्हापासून उत्तरे आधी पुरवली जाऊ लागली. कोणी जिंकायचे, कोणी हरायचे, कपाळावरचा घाम कसा पुसायचा, हेही ठरवून दिले जाई. हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकाला १९५६ च्या डिसेंबरात 'मार्टी' या ऑस्करविजेत्या चित्रपटाविषयीच्या प्रश्नावर मुद्दाम चुकायला लावले. उत्तर त्यांना ठाऊक होतेच, शिवाय तो चित्रपट त्यांच्या आवडीचा होता. त्यांच्या जागी विजेते ठरलेले कोलंबिया विद्यापीठातील अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन देशभर विद्वत्तेचे प्रतीक बनले. २ नोव्हेंबर १९५९ रोजी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी सर्व फसवणूक कबूल केली. १९६० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अशी बनावट स्पर्धा गुन्हा ठरली.

जाळ्यांनी या निमित्ताने कार्यक्रमांवरील ताबा आपल्याकडे घेतला. अर्थात नीती हे त्याचे एकमेव कारण नव्हते. दूरचित्रवाणीचा खर्च इतका वाढला होता की संपूर्ण कार्यक्रम एकट्याने पोसणे बहुतेक कंपन्यांना परवडत नव्हते. एनबीसीचे सिल्व्हेस्टर 'पॅट' वीव्हर यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभीच नियतकालिकाच्या धर्तीवर निराळी पद्धत पुढे आणली होती : मजकूर संपादकाचा, जाहिरातदाराला फक्त जागा. १९५२ मध्ये सुरू झालेला 'टुडे' हा सकाळचा कार्यक्रम याच पद्धतीचा. पुढे हीच पद्धत सार्वत्रिक झाली. प्रसारणाचे इतिहासकार एरिक बार्नो यांनी १९७८ च्या 'द स्पॉन्सर' या पुस्तकात मात्र असे दाखवले की, कार्यक्रमाची सूत्रे सोडली तरी प्रायोजकाचा प्रभाव ओसरला नाही. जाहिरातीला अनुकूल नसणारा कार्यक्रम मुळात जन्मालाच येत नाही.

ब्रिटनमधील वाट

ब्रिटनमध्ये संच बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून १९२२ मध्ये ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन केली आणि वर्षाला १० शिलिंग परवाना शुल्कातील वाट्यावर ती चालली. १ जानेवारी १९२७ पासून ती सार्वजनिक महामंडळ झाली. प्रायोजक तेथे समुद्र ओलांडून आले. १९२५ मध्ये सेल्फ्रिजेस या दुकानाने पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून वेशभूषेविषयीचे भाषण इंग्रजीत प्रसारित करविले. १९३० च्या दशकात रेडिओ नॉर्मंडी आणि रेडिओ लक्झेंबर्ग ही केंद्रे ब्रिटिश श्रोत्यांसाठी प्रायोजित कार्यक्रम देऊ लागली. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांच्या धोरणामुळे रविवारी गंभीर आणि धार्मिक कार्यक्रमच असत; साहजिकच त्या दिवशी घरोघरचे काटे लक्झेंबर्गकडे वळत. ओव्हल्टीन पेयाच्या 'ओव्हल्टिनीज' या मुलांच्या कार्यक्रमाची सभासद मुले बिल्ले लावीत आणि सांकेतिक लिपीतील निरोप सोडवीत. १९५४ च्या कायद्याने व्यापारी दूरचित्रवाणीला परवानगी देताना ब्रिटिश संसदेने अमेरिकेचा धडा ध्यानात ठेवला : जाहिराती चालतील, पण त्या कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळ्या हव्यात आणि कार्यक्रम जाहिरातदाराने पुरवलेला नसावा.

भारतातील वाट

भारतात इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी आणि कलकत्ता केंद्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाले. खाजगी असूनही ही कंपनी मुख्यतः परवाना शुल्काच्या वाट्यावर अवलंबून होती. संच महाग, परवाने थोडे. १९३० च्या मार्चमध्ये ती दिवाळखोरीत निघाली आणि प्रसारण सरकारकडे गेले. ८ जून १९३६ पासून या सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. जाहिरातीला तेथे स्थान नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हा दंडक किती कडक होता याचे उदाहरण चित्रपटगीतांच्या वादात सापडते. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे अभिजात संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत चांगले नव्हते. गीतांचा वेळ कमी करण्यात आला. त्याबरोबरच गीत लावताना चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे निर्मात्याची फुकट जाहिरात होय, या कारणाने नाव सांगणेही थांबले. निर्मात्यांनी गीते वाजवण्याची परवानगी काढून घेतली. श्रोत्यांचे हाल झाले. पण ते फार दिवस थांबले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आले होते. त्यांवरून १९५० मध्ये व्यापारी सेवा सुरू झाली आणि कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन फिती कोलंबोला जाऊ लागल्या. ३ डिसेंबर १९५२ रोजी सीबा या स्विस कंपनीच्या बिनाका दंतमंजनाने पुरस्कृत केलेली 'बिनाका गीतमाला' प्रथम प्रसारित झाली. निवेदक, लेखक आणि निर्माता अशी तिन्ही कामे मुंबईचे वीस वर्षांचे अमीन सयानी यांनी आठवड्याला २५ रुपयांवर पत्करली. पहिल्याच कार्यक्रमानंतर सुमारे ९,००० पत्रे आल्याचे सयानी सांगत. दर बुधवारी रात्री आठ वाजता पानाच्या ठेल्यापासून दिवाणखान्यापर्यंत तीच धून ऐकू येई. लोकप्रियतेचा क्रम लावण्यासाठी प्रथम तबकड्यांच्या विक्रीचे आकडे घेत. काही निर्माते स्वतःच तबकड्या विकत घेऊन क्रम फिरवू शकतात हे लक्षात आल्यावर गावोगावच्या श्रोता संघांच्या पसंतीचाही आधार घेण्यात आला. प्रायोजित कार्यक्रमानेही आपली विश्वासार्हता जपावी लागते, ही जाण त्यात दिसते. अमेरिकेतील प्रश्नमंजूषांशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे.

आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' ही मनोरंजन सेवा सुरू केली, तीही जाहिरातींविना. परंतु भारतीय कंपन्यांचा जाहिरातींचा पैसा सिलोनला जातच राहिला. चंदा समितीच्या शिफारशींनंतर १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. महाराष्ट्रातील श्रोत्यांनी सरकारी नभोवाणीवर प्रथमच साबण-तेलाची गाणी ऐकली. प्रायोजित कार्यक्रम त्यानंतर, १९७० मध्ये आले. येथे क्रम अमेरिकेच्या उलट आहे : तेथे आधी प्रायोजक आला आणि सुट्या जाहिराती नंतर, आपल्याकडे आधी सुट्या जाहिराती आणि मग प्रायोजक. त्यामुळे केंद्राची सूत्रे सुरुवातीपासून सरकारच्या हाती राहिली. प्रायोजकाच्या दडपणाची जागा सरकारच्या दडपणाने घेतली, असाही आक्षेप यावर घेता येतो आणि तो निराधार नाही. या काळातील 'सॅरिडॉन के साथी', 'बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट', 'इन्स्पेक्टर ईगल' ही नावेच प्रायोजकांची ओळख सांगतात. 'ईगल' हे थर्मासचे नाव होते. १९२० च्या दशकातील 'हॅपिनेस बॉइज'चीच ही भारतीय भावंडे.

दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या. प्रायोजकाच्या खर्चाने चाललेली पहिली मोठी मालिका 'हम लोग' ७ जुलै १९८४ रोजी आली आणि दीडशेहून अधिक भाग चालली. मनोहर श्याम जोशी तिचे लेखक होते आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत. मेक्सिकोतील प्रबोधनपर मालिकांच्या धर्तीवर कुटुंबनियोजनाचा प्रचार हा तिचा मूळ उद्देश होता. पहिल्या काही भागांत तो प्रेक्षकांना रुचला नाही, तेव्हा तो सौम्य करून कौटुंबिक नाट्य वाढवण्यात आले. खर्च उचलणाऱ्या कंपनीने नुकतेच बाजारात आणलेले मॅगी नूडल्स याच मालिकेच्या जोरावर मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत पोहोचले.